इंटरनेट फोनचा दोष वेगात नव्हे, राउटरमध्ये शोधा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरातला तारेचा फोन जाऊन त्याच्या जागी इंटरनेटवरून चालणारा फोन आला, की थोड्याच दिवसांत काही ठरलेल्या तक्रारी कानावर येतात. आपला आवाज पलीकडे जातो, पलीकडचा आपल्याला येत नाही. कॉल अर्ध्या मिनिटात आपोआप तुटतो. आपल्याकडून फोन लागतो, पण बाहेरून आलेला वाजतच नाही. या तिन्ही तक्रारींवर सल्ला मात्र एकच मिळतो : नेटचा वेग वाढवून घ्या. हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. वेग दुप्पट केला तरी यातली एकही तक्रार जात नाही, कारण त्यांचा वेगाशी संबंधच नाही. दोष बहुतेक वेळा घरातल्या वाय-फाय राउटरमध्ये असतो, आणि कुठे पाहायचे ते माहीत असेल तर घरच्या घरी काढता येतो. पत्र लांबले आहे. पण अर्धवट माहितीवर राउटरच्या सेटिंगशी खेळले तर फायद्यापेक्षा नुकसान जास्त होते, म्हणून तपशील गाळलेले नाहीत.

आधी वेगाचा हिशोब. घरगुती इंटरनेट फोनमध्ये सर्रास वापरली जाणारी जी.७११ ही आवाज आकड्यांत बदलायची पद्धत दर सेकंदाला आवाजाची ५० पॅकेट, म्हणजे छोटी गाठोडी, पाठवते. प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि पत्ते वगैरेंचे ४० बाइट, म्हणजे एकूण २०० बाइट. गुणाकार केला तर एका दिशेला सेकंदाला ८० किलोबिट होतात. केबलवरचे वेष्टण धरले तर साधारण ८७. जी.७२९ ही आवाज जास्त दाबणारी पद्धत असेल तर २४ किलोबिटांतच भागते. १० मेगाबिटच्या जोडणीचा शंभरावा भागही एका कॉलला लागत नाही. फोनला रुंद रस्ता नको असतो. पॅकेट ठरल्या अंतराने, न हरवता आणि वेळेत पोचावे, एवढेच त्याला हवे असते. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस सांगते. उशीर त्याहून बराच वाढला की दोन माणसे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात.

मग दोष कुठे, हे ठरवायला एक सोपी चाचणी आहे आणि सगळ्यात आधी तीच करावी. फोनसेवेचे खाते मोबाइलवरच्या एखाद्या सॉफ्टफोन अ‍ॅपमध्ये, म्हणजे इंटरनेट फोनचे काम करणाऱ्या अ‍ॅपमध्ये, भरा. घरातला फोन किंवा जुना टेलिफोन जोडायची छोटी पेटी, म्हणजे एटीए, तेवढ्यापुरती बंद ठेवा. नाहीतर एकच खाते दोन ठिकाणी नोंदले जाऊन गोंधळ वाढतो. आता मोबाइलचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर कॉल करा, मग घरच्या वाय-फायवर तोच कॉल पुन्हा करा. डेटावर ठीक आणि घरच्या वाय-फायवर बिघाड, तर राउटर किंवा त्याच्यामागची जोडणी दोषी. दोन्हीकडे तोच बिघाड असेल तर खाते, पासवर्ड किंवा कंपनीचा सर्व्हर. घरच्या वाय-फायवर अ‍ॅप ठीक चालते आणि एटीए मात्र चालत नाही, तर एटीएचे सेटिंग पाहायचे. या चाचणीला पाच मिनिटे लागतात आणि ती न करता लोक राउटर बदलतात.

राउटर नेमके काय बिघडवतो, ते आता सांगतो. घरातल्या प्रत्येक उपकरणाला १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा खासगी पत्ता असतो. तो घराबाहेर चालत नाही. म्हणून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवरचा पत्ता राउटर बदलतो, स्वतःचा सार्वजनिक पत्ता घालतो आणि कोणाचे काय गेले याची नोंद ठेवतो. या अदलाबदलीला नॅट म्हणतात. वेबसाइट पाहताना एवढे पुरते. फोनचे तसे नाही. कॉल जोडणारी भाषा, म्हणजे एसआयपी (तिची आजची नियमावली २००२ मधली, आरएफसी ३२६१; आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज), पाकिटाच्या, म्हणजे पॅकेटच्या, आतल्या मजकुरातही पत्ता लिहिते : ‘माझा आवाज या पत्त्यावर, या पोर्टवर पाठवा.’ (पोर्ट म्हणजे त्या पत्त्यावरचा क्रमांक दिलेला दरवाजा.) राउटर पाकिटावरचा पत्ता बदलतो, आतली चिठ्ठी तशीच राहते. पलीकडचा सर्व्हर चिठ्ठी वाचून आवाज १९२.१६८.१.५ वर पाठवू लागतो आणि तो आवाज कुठेच पोचत नाही. एकतर्फी आवाजाचे मूळ बहुतेक वेळा एवढेच असते. कॉलची बोलणी एका पोर्टवर, बहुधा ५०६० वर, होतात आणि आवाज दुसऱ्याच पोर्टवरून जातो. म्हणून रिंग व्यवस्थित वाजते, कॉल उचललाही जातो आणि तरी कानात शांतता असते.

‘व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल याच राउटरवरून छान चालतो, मग हा का नाही?’ हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. तशी अ‍ॅप आवाजासाठी एकापेक्षा जास्त वाटा आधी चाचपून पाहतात आणि थेट वाट सापडली नाही तर मधल्या सर्व्हरमार्फत आवाज फिरवतात. साधा एसआयपी फोन एवढा चौकस नसतो. म्हणून व्हॉट्सअ‍ॅप चालते यावरून राउटर निर्दोष ठरत नाही.

या चिठ्ठीवर उपाय म्हणून राउटर बनवणाऱ्यांनी एक सोय घातली, एसआयपी एएलजी नावाची. ती पाकीट उघडते, आतली चिठ्ठी वाचते आणि तिथलाही पत्ता बदलते. हेतू चांगला, पण घरगुती राउटरांतले हे काम बहुतेक वेळा अर्धे असते. काही ओळी बदलतात, काही तशाच राहतात. मजकुराची लांबी बदलते आणि वर लिहिलेला लांबीचा आकडा जुनाच राहतो. याहून मोठी अडचण वेगळी आहे. आजचे बहुतेक फोन-सर्व्हर स्वतःच नॅट ओळखतात : चिठ्ठीत खासगी पत्ता आहे आणि पाकीट सार्वजनिक पत्त्यावरून आले आहे, म्हणजे हा फोन राउटरमागे आहे, असे समजून ते आवाज बरोबर जागी परत पाठवतात. एएलजीने चिठ्ठीतली ती खूणच पुसली, की सर्व्हरला वाटते मध्ये राउटर नाहीच. मग तो सांभाळून घेत नाही. दोघांच्या मदतीत फोन बुडतो.

तेव्हा पहिली दुरुस्ती म्हणजे एएलजी बंद करणे. संगणकावर ब्राउझर उघडून राउटरचा पत्ता टाका (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, पत्ता आणि पासवर्ड राउटरच्या बुडाला चिकटवलेल्या पट्टीवर असतो). ‘अ‍ॅडव्हान्स्ड’, ‘सिक्युरिटी’, ‘फायरवॉल’, ‘नॅट’ किंवा ‘वॅन’ यांपैकी एका पानावर ते सापडते. नाव मात्र दर राउटरमागे वेगळे : एसआयपी एएलजी, एसआयपी हेल्पर, एसआयपी पासथ्रू, एसआयपी ट्रान्सफॉर्मेशन्स. खूण काढा, सेव्ह करा आणि मग एक गोष्ट जरूर करा, ती सगळे विसरतात. फोन किंवा एटीए बंद करा, राउटर बंद करून मिनिटभर थांबा, राउटर सुरू करा, नेट आल्याची खात्री करा आणि शेवटी फोन सुरू करा. हाच क्रम हवा. जुन्या नोंदी राउटरच्या स्मृतीत शिल्लक असतात, आणि फोन चालू ठेवून नुसते सेटिंग बदलले तर त्या जुन्या नोंदीवरच त्याचे काम चालू राहते. मग ‘एएलजी बंद केले तरी फरक नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

कंपनीने दिलेल्या काही राउटरांत हे पान ग्राहकाला दिसतच नाही. तेव्हा कंपनीला फोन करून ते दुरून बंद करायला सांगावे. बऱ्याच कंपन्यांना ते करता येते. तेही होत नसेल तर फोनच्या सेटिंगमध्ये वाहतूक यूडीपी या साध्या, उघड्या पद्धतीऐवजी टीएलएस करा आणि पोर्ट ५०६१. सेवा देणाऱ्या कंपनीचा सर्व्हर टीएलएस घेत असला पाहिजे, एवढी अट. टीएलएसमध्ये मजकूर कुलूपबंद असतो, राउटरला चिठ्ठी वाचताच येत नाही, मग बदलणार काय?

आता घड्याळ हातात घ्या. इंटरनेट फोनच्या बिघाडात घड्याळासारखे दुसरे अवजार नाही. बिघाड किती सेकंदांनी किंवा मिनिटांनी होतो, हे नीट मोजले तर अर्धे निदान तिथेच होते.

कॉल उचलल्या क्षणापासून एक बाजू मुकी असेल, तर ती वर सांगितलेली पत्त्याची चूक. आवाज दोन्हीकडे ठीक आहे पण कॉल ३० ते ३३ सेकंदांच्या दरम्यान दर वेळी तुटतो, तर ते निराळे. ३२ सेकंद हा आकडा नियमावलीतूनच येतो. फोन उचलल्यावर उचलणारी बाजू ‘उचलला’ असा निरोप पाठवते आणि समोरून ‘कळले’ अशी पोच यायची वाट पाहते. पोच आली नाही तर निरोप पुन्हा जातो, आधी अर्ध्या सेकंदाने, मग दुप्पट-दुप्पट अंतराने, शेवटी दर ४ सेकंदांनी. अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट, म्हणजे ३२ सेकंद झाले, की ती बाजू समजते पलीकडे कोणी नाही आणि कॉल सोडून देते. बोलणे मध्येच कापले जाते, कारण त्या पोचपावतीची चिठ्ठी खासगी पत्त्यावर निघालेली असते. उपाय पुन्हा एएलजी बंद करणे हाच. त्याने नाही गेले तर पुढे दिलेली दोन राउटरांची बाब तपासा.

फोन रीस्टार्ट केल्यावर काही मिनिटे बाहेरचे कॉल येतात आणि मग बंद होतात, पण आपण एकदा फोन लावला की पुन्हा येऊ लागतात. ही तक्रार नोंदीच्या मुदतीची आहे. राउटर पत्त्यांच्या अदलाबदलीची नोंद कायम ठेवत नाही. काही काळ पॅकेट गेले-आले नाही तर ती पुसतो. यूडीपीची नोंद २ मिनिटांच्या आत पुसू नये, असे २००७ च्या आरएफसी ४७८७ मध्ये म्हटले आहे. प्रत्यक्षात लिनक्सवर बेतलेल्या राउटरांत एकतर्फी नोंदीची मूळ मुदत ३० सेकंद असते, दुतर्फा संवादाची २ ते ३ मिनिटे. फोन मात्र सर्व्हरकडे आपली हजेरी बऱ्याचदा ३६०० सेकंदांनी, म्हणजे तासाने एकदा लावतो. मधल्या वेळात आलेला कॉल राउटरच्या दारात येतो, त्याची नोंद सापडत नाही, राउटर तो टाकून देतो. घरात कोणाला पत्ताही लागत नाही आणि फोन करणाऱ्याला आपण उचलत नाही असे वाटते. फोनमध्ये ‘नॅट कीप-अलाइव्ह’ नावाचे सेटिंग शोधा, ते चालू करा आणि अंतर २० सेकंद ठेवा. त्यानंतर तपासणीही घड्याळावरच करा : रीस्टार्टनंतर एका मिनिटाने, ५ मिनिटांनी आणि २० मिनिटांनी दुसऱ्या फोनवरून कॉल लावून पाहा, मधल्या काळात स्वतः फोन वापरू नका.

हजेरीचे अंतरही ३६०० वरून ३०० ते ६०० सेकंदांवर आणणे बरे. कंपनीने आपला सार्वजनिक पत्ता बदलला, तर जुन्या पत्त्यावर नोंदलेला फोन पुढच्या हजेरीपर्यंत बहिरा असतो. फार कमी, म्हणजे ३० सेकंदांवर मात्र आणू नका. सर्व्हर त्याला त्रास समजून पत्ता अडवू शकतो.

कॉल बरोबर १५ किंवा ३० मिनिटांनी तुटत असेल तर त्याचे कारण सेशन टाइमर, म्हणजे कॉल अजून चालू आहे का हे ठरावीक वेळाने तपासणारी सोय. १८०० सेकंदांची मुदत सुचवलेली असते आणि निम्म्या वेळेला, १५ मिनिटांनी, एक बाजू दुसरीला ‘अजून चालू आहे ना?’ असे विचारते. हा प्रश्न चुकीच्या पत्त्यावर गेला की कॉल संपवला जातो. टाइमर बंद करून लक्षण दबते, पण चूक जागेवरच राहते. आणि होल्ड किंवा म्यूट करून अर्ध्या-पाऊण मिनिटाने परत आल्यावर आवाज गेलेला असेल, तर फोनमधले ‘सायलेन्स सप्रेशन’ बंद करा. त्यामुळे शांततेत पॅकेटच जात नाहीत आणि आवाजाच्या पोर्टची नोंद राउटर पुसून टाकतो.

एवढे करूनही दुखणे तसेच असेल तर घरात दोन राउटर एकापाठोपाठ नाहीत ना, हे पाहा. कंपनीचा मोडेम स्वतःच राउटर असतो आणि त्याच्यापुढे आपण आपला वाय-फाय राउटर जोडलेला असतो. ही जोडी फार घरांत आढळते. काही एटीएना दोन जाळ्यांची भोके असतात आणि तेही राउटरसारखे वागतात, मग तीन होतात. ओळखायची खूण सोपी. आपल्या राउटरच्या स्थिती-पानावर ‘वॅन आयपी’, म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता, काय आहे ते पाहा. तो १९२.१६८ ने, १० ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होत असेल, तर वर आणखी एक राउटर आहे. अशा वेळी मोडेम ‘ब्रिज मोड’मध्ये घालावा, म्हणजे त्याचे राउटरचे काम बंद करावे, किंवा आपल्या राउटरला नुसता अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे फक्त वाय-फाय पसरवणारा, करावा. दुसऱ्या मार्गासाठी राउटरचा डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याची सोय) बंद करायचा, त्याला मोडेमशी न भिडणारा पत्ता द्यायचा (मोडेम १९२.१६८.१.१ असेल तर १९२.१६८.१.२, आणि मोडेम जे पत्ते वाटतो त्यांत तो नसावा) आणि मोडेमकडून आलेली केबल वॅनच्या भोकात न घालता लॅनच्या, म्हणजे घरच्या बाजूच्या, भोकात घालायची. एटीए नेहमी राउटरच्या मागे, लॅनच्या भोकात असावा. मोडेम आणि राउटरच्या मध्ये नको.

वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर अदलाबदल कंपनीच्या पातळीवरही होते आहे. त्यावर घरात काही करता येत नाही, पण घाबरायचे कारणही नाही. कीप-अलाइव्ह चालू, एएलजी बंद आणि सर्व्हर नॅट सांभाळणारा असेल तर फोन चालतो. फक्त पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे बाहेरून येणाऱ्यासाठी राउटरचे एखादे पोर्ट कायम उघडून ठेवण्याचा, खटाटोप अशा जोडणीवर व्यर्थ आहे.

पोर्ट फॉरवर्डिंगबद्दल आमचे मत ठाम आहे : घरगुती फोनसाठी ते करू नये. ५०६० उघडा, आवाजाची हजारो पोर्ट उघडा, नाहीतर एटीएच थेट डीएमझेडमध्ये, म्हणजे बाहेरून सगळी पोर्ट खुली असलेल्या जागी, ठेवा, असे सल्ले सर्रास दिले जातात. त्याने कधी कधी आवाज येतोही. पण ५०६० पोर्ट उघडे दिसले की ते हुडकत फिरणारे प्रोग्राम तिथे येऊन धडकतात. मध्यरात्री फोन वाजतो, पडद्यावर १०० किंवा १००१ असा विचित्र क्रमांक, उचलला तर कोणी नाही. ते कॉल कंपनीकडून आलेले नसतात, थेट आपल्या एटीएला आलेले असतात. एटीएचा पासवर्ड कारखान्यातलाच असेल तर पुढची पायरी म्हणजे त्यातले खाते चोरून परदेशी महागडे कॉल करणे, आणि ते बिल आपल्या नावावर येते. असे कॉल येत असतील तर उघडलेली पोर्ट बंद करा, एटीएमध्ये ‘फक्त नोंदणीच्या सर्व्हरकडूनच कॉल स्वीकारा’ हे सेटिंग चालू करा, स्थानिक एसआयपी पोर्ट ५०६० ऐवजी दहा हजारांच्या पुढचा कुठला तरी ठेवा आणि पासवर्ड बदला.

स्टन नावाचे सेटिंग फोनमध्ये दिसेल. ते फोनला त्याचा स्वतःचा सार्वजनिक पत्ता विचारून चिठ्ठीत भरायला मदत करते. काही राउटरांवर उपयोगी पडते. पण जो राउटर प्रत्येक ठिकाणासाठी वेगळे पोर्ट वापरतो, त्यावर ते चुकीचा पोर्ट सांगते आणि एकतर्फी आवाज पुन्हा सुरू होतो. एएलजी, स्टन आणि सर्व्हर, पत्ता दुरुस्त करू पाहणारे हे तिघे आहेत. तिघांपैकी एकानेच हे काम करावे. सर्व्हर करत असेल तर उरलेले दोन्ही बंद. एकाच राउटरमागे दोन फोन असतील तर दोघांनाही स्थानिक पोर्ट ५०६० ठेवू नका. एकाला ५०६०, दुसऱ्याला ५०६२ (वर सांगितल्याप्रमाणे मोठे आकडे घेतले असतील तर तेही दोन वेगळे), आणि आवाजाच्या पोर्टांचे पट्टे वेगळे, समजा एकाला १६३८४ ते १६४८२ आणि दुसऱ्याला १६५८४ ते १६६८२.

एक बिघाड क्वचित होतो, पण सापडत नाही म्हणून लिहितो. फोन नोंदलेला दिसतो, हिरवा दिवा असतो, बाहेरचा कॉल येतोही, पण आपण नंबर फिरवला की काहीच होत नाही. फोनमध्ये आवाजाच्या आठ-दहा पद्धती एकदम चालू असतात आणि त्या सगळ्यांची यादी कॉलच्या पहिल्या पॅकेटात जाते. पॅकेट १५०० बाइटांपेक्षा मोठे झाले की त्याचे तुकडे होतात आणि पुष्कळ राउटर ते तुकडे टाकून देतात. हजेरीचे पॅकेट लहान असते म्हणून ते जाते. पद्धती दोनच ठेवा, जी.७११ आणि जी.७२९. फोन तत्काळ लागू लागतो.

आवाज तुटतो, खरखरतो, रोबोसारखा येतो, ही तक्रार वरच्या सगळ्यांपेक्षा वेगळी आहे. तिथे नॅटचा दोष नाही, रांगेचा आहे. घरातला एखादा मोबाइल फोटो-व्हिडिओ वर चढवू लागला की राउटरमध्ये वर जाणाऱ्या पॅकेटांची रांग लागते आणि आवाजाचे छोटे पॅकेट तिच्या शेपटीला उभे राहते. संगणकावरून बाहेरच्या एखाद्या पत्त्याला पिंग लावा (पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते सांगणारी आज्ञा) आणि आकडा बघा. मग मोठी फाइल वर चढवायला लावून पुन्हा बघा. रिकाम्या जोडणीवर २० मिलिसेकंद आणि चढवताना ३०० किंवा ५००, असे दिसले तर निदान झाले. राउटरमध्ये ‘एसक्यूएम’ (रांग आटोक्यात ठेवणारी सोय) असेल, एफक्यू-कोडेल किंवा केक या नावाने, तर ते चालू करा आणि वेगाचा आकडा प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के भरा. वर जाण्याचा आणि खाली येण्याचा, दोन्ही वेगळे मोजून. थोडा वेग सोडावा लागतो, कारण रांग कंपनीच्या मोडेममध्ये न लागता आपल्या राउटरमध्ये लागली तरच तिच्यावर आपला ताबा राहतो. साधे ‘क्यूओएस’च (कोणाची पॅकेट आधी सोडायची ते ठरवणारे सेटिंग) असेल तर एटीएच्या मॅक पत्त्याला, म्हणजे त्या उपकरणाच्या कायम क्रमांकाला, सर्वांत वरचा क्रम द्या, पण वर जाण्याच्या वेगाचा आकडा तिथेही खरा भरला पाहिजे. रिकामा ठेवला तर सेटिंग काही करत नाही.

वाय-फायचे म्हणाल तर फोनला केबल हाच उत्तम उपाय. शक्य नसेल तर आधी राउटरलाच पिंग लावून पाहा, किमान १०० वेळा. राउटर त्याच घरात आहे; आकडा एक-अंकी हवा आणि एकही पॅकेट हरवता कामा नये. तिथेच ८०, १५० असे उड्या मारणारे आकडे आले तर बाहेरच्या नेटला दोष देण्यात अर्थ नाही. २.४ गिगाहर्ट्झवर असाल तर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक ठेवा, रुंदी २० मेगाहर्ट्झ, आणि फोनजवळ मायक्रोवेव्ह नको, कारण तोही त्याच पट्ट्यात काम करतो. जमल्यास ५ गिगाहर्ट्झ वापरा. फोन ठेवायच्या जागी सिग्नल उणे ६७ डीबीएमपेक्षा कमकुवत नसावा. ‘डब्ल्यूएमएम’, म्हणजे वाय-फायवर आवाजाला आधी वाट देणारे सेटिंग, चालूच ठेवा. आवाजाच्या पॅकेटवर ४६ हा प्राधान्याचा शिक्का असतो, पण बरेच राउटर त्याचे फक्त पहिले तीन बिट वाचून आवाजाला व्हिडिओच्या रांगेत घालतात. व्हिडिओ पाहताना फोन अडखळण्याचे हे एक कारण आहे, आणि केबल वापरली तर तोही प्रश्न सुटतो. घरभर फिरत बोलायचे असेल तर डेक्ट पद्धतीचा कॉर्डलेस फोन घेऊन त्याचा तळ केबलने राउटरला जोडा. डेक्टची लहर १.९ गिगाहर्ट्झच्या आसपास असते, वाय-फायच्या वाटेला जात नाही.

बँकेच्या मेनूत दाबलेले आकडे पोचत नसतील तर फोनमध्ये डीटीएमएफची, म्हणजे दाबलेले आकडे पाठवण्याची, पद्धत ‘आरएफसी २८३३’ किंवा ‘४७३३’ निवडा. आकड्यांचे सूर आवाजातच मिसळून पाठवणारी ‘इनबँड’ नको, विशेषतः जी.७२९ बरोबर.

एक गंभीर बाब राहिली. तारेच्या फोनला वीज फोनच्या तारेतूनच मिळत असे. इंटरनेट फोन वीज गेली की मुका. मोडेम, राउटर आणि एटीए तिन्हींना एकाच यूपीएसवर घ्या. एकाला जरी विसरलात तरी फोन बंद. किती मोठा यूपीएस लागेल हे तिन्ही अडॅप्टरवरच्या व्होल्ट आणि अँपिअरच्या गुणाकारांची बेरीज करून कळते. तातडीच्या क्रमांकावर फोन केल्यास कंपनीकडे नोंदलेला पत्ता जुना असू शकतो, म्हणून घर बदलल्यावर तो आधी बदलून घ्या. घरात वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर चार्ज केलेला मोबाइल हाताशी ठेवाच.

शेवटी कंपन्यांकडे आमची मागणी. राउटर ग्राहकाच्या हाती देताना एसआयपी एएलजी बंद करून द्यावे. जोडणीच्या कागदावर ते सेटिंग कुठल्या पानावर आहे, कीप-अलाइव्हचे अंतर किती ठेवायचे, सर्व्हर टीएलएस घेतो की नाही आणि नॅट तो स्वतः सांभाळतो की नाही, या चार ओळी छापाव्यात. आणि तक्रार घेणाऱ्याने ‘तुमचा प्लॅन कुठला?’ हे विचारण्याआधी विचारावे : कॉल किती सेकंदांनी तुटतो, येणारा की जाणारा, आणि राउटरचा वॅन पत्ता कोणत्या आकड्याने सुरू होतो. ग्राहकांनीही तक्रार नोंदवताना हीच तीन उत्तरे आपणहून लिहून द्यावीत.

आपले,
इंटरनेट दूरध्वनीच्या जोडणीचे काम करणारे काही वाचक